जन्माचा फोटो, अटींच्या अधीन राहून

बाळाच्या जन्माचा फोटो काढणं हे बाळ जन्माला घालण्यापेक्षा अवघड काम आहे, असं मी एकदा घरात बोलून गेलो आणि त्यानंतर बराच काळ मला चहा मिळाला नाही. म्हणून ते विधान मी इथे जाहीरपणे मागे घेतो. पण मागे घेतलेलं विधान खोटंच असतं असं नाही, एवढी नोंद घ्यावी.

सुरुवात जावयापासून झाली. आमचे जावई शिवप्रकाश हे बोरीचे. बोरीचा माणूस शेती करतो, कापूस विकतो, फारच डोकं चाललं तर जिंतूरला दुकान टाकतो. हे गृहस्थ मालवाहू जहाजाच्या इंजिनावर नोकरीला लागले. माझ्या लेकीला, ईश्वरीला, दिवस गेले ते ऐन त्यांच्या सुट्टीत, आणि बाळंतपणाची वेळ आली ती ऐन समुद्रात. कोणत्या समुद्रात, ते त्यांनाही नीट सांगता येईना. आमच्या गंगाखेडच्या बसस्थानकावर परभणीच्या गाडीची चौकशी केल्यावर जसं उत्तर मिळतं तसं ते सांगायचे, निघालोय, पोचू.

एका संध्याकाळी त्यांचा फोन आला. आवाज तुटत होता. म्हणाले, "मामा, लेकराला हातात घ्यायला मला लय दिवस लागतील. पण ते पयल्यांदा जगात आलं तवा कसं दिसत होतं, तेवढं तरी बघू द्या."

ईश्वरी शेजारीच बसली होती. तिनं साडीच्या पदराची घडी घातली, मोडली, परत घातली. लेकीनं पदराची घडी घालायला सुरुवात केली की बापानं काहीतरी कबूल करायचं असतं.

"मी आहे ना," मी म्हणालो.

आता या ठिकाणी माझ्या नोकरीबद्दल थोडं सांगणं भाग आहे, कारण पुढचा सगळा घोळ त्याच नोकरीच्या संस्कारातून झाला. मी तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. अख्ख्या नोकरीत मी कुणालाही 'नाही' म्हटलं नाही. नाही म्हणणं हे अडाणी कारकुनाचं लक्षण आहे. मी नेहमी 'खालील अटींच्या अधीन राहून परवानगी देण्यात येत आहे' असं लिहायचो. माणूस हसत घरी जायचा, घरी जाऊन अटी वाचायचा, आणि पुन्हा कचेरीची पायरी चढायचा नाही. दोन्ही पक्षांची इज्जत राहायची.

तर फोटो काढायचा ठरला. फोटो मी माझ्या मोबाइलवरच काढणार होतो. पण ही बातमी आमचे शेजारी दिनकरराव यांना कळली. दिनकरराव एसटीत वाहतूक नियंत्रक होते. त्यांनी जन्मभर खिडकीतून लोकांना चुकीच्या फलाटावर पाठवलं, आणि निवृत्तीनंतर तेच काम ते गल्लीत विनामूल्य करतात. त्यांनी माझा मोबाइल उलटासुलटा करून पाहिला आणि परत दिला.

"बसवंतराव, ह्याच्यात पुतण्याच्या साखरपुड्याचे फोटो काढले होते मागं. अर्ध्या फोटोत तुमचं बोट हाय," ते म्हणाले. "साखरपुडा परत करता येतो. जन्म परत होतो का?"

मी मोबाइल खिशात ठेवला. ते स्वतःच जाऊन भागवतला घेऊन आले.

भागवतचा स्टुडिओ बसस्थानकासमोर आहे. गंगाखेड तालुक्यातलं एकही लग्न त्याच्याशिवाय कायदेशीर होत नाही असं म्हणतात. हुशार पोरगा. पण सगळं आयुष्य लग्नात गेल्यामुळे त्याला जगातला प्रत्येक प्रसंग हा लग्नाचाच एखादा प्रकार वाटतो. खुर्चीत बसल्या बसल्या त्यानं विचारलं, मुहूर्त किती वाजताचा. मी म्हणालो, ते निश्चित नाही. मग त्यानं विचारलं, स्टेज कुठं राहील, आणि आहेर आधी का जेवण आधी. पाहुणे किती, असंही विचारलं. मी म्हणालो, येणारा पाहुणा एकच आहे. तेवढ्यावर तो गंभीर झाला. म्हणाला, मग वरून घेऊ, ड्रोननं, लय भारी येतं. बाळंतपणाच्या खोलीत वर पंखा असतो, हे त्याला समजावून सांगण्यात एक पूर्ण दुपार गेली.

ड्रोन सोडून द्यायच्या बदल्यात त्यानं एक गोष्ट मान्य करून घेतली. मुख्य कार्यक्रमाच्या आधी एक शूट करावंच लागतं, नाहीतर अल्बमला सुरुवातच येत नाही. म्हणून दिनकररावांच्या भावाच्या उसात आम्ही गेलो. नववा महिना लागलेली माझी लेक निळा झगा घालून, हातात लहानसे बूट धरून उसाच्या बांधावर उभी. समोर भागवत आडवा पडलेला. आणि मी, निवृत्त अव्वल कारकून, हातात परातीएवढी चंदेरी तबकडी घेऊन तिच्या तोंडावर ऊन पाडतोय. शेजारच्या वावरातला एक माणूस बराच वेळ बघत उभा होता. शेवटी जवळ आला आणि हळूच विचारलं, "साहेब, पंचनामा करायलाव का?" मी नाही म्हणालो. त्याचा विश्वास बसला नाही. आपला बी ऊस पडलाय, तेवढा त्या आरशात घ्या, म्हणून तो आमच्या मागे रस्त्यापर्यंत आला.

तिथून दवाखान्याची परवानगी. दवाखाना खासगी, डॉक्टरीणबाई भल्या पण कडक. दारातच मोठी पाटी, मोबाइल आत नेण्यास सक्त मनाई. लोक अशा पाट्यांशी भांडतात. मी अर्ज करतो. मी तीन प्रतींत अर्ज लिहिला. विषय, नवजात अर्भकाच्या आगमनप्रसंगी छायाचित्र घेण्यास परवानगी मिळणेबाबत. संदर्भ, जावयाशी झालेले दूरध्वनी संभाषण. डॉक्टरीणबाईंनी तो चष्मा लावून वाचला, चष्मा काढून वाचला, आणि म्हणाल्या की एवढ्या वर्षांत लोकांनी इथे मोबाइल लपवून आणले, एकानं तर चपात्यांच्या डब्यातून आणला, पण अर्ज कुणी केला नव्हता. त्यांनी थोडा विचार केला. मग म्हणाल्या, परवानगी देते.

आणि एक बोट वर केलं. ते बोट बघताच मी ओळखलं की ही बाई आपल्या घराण्यातली आहे.

बाळ रडल्याशिवाय आत यायचं नाही. आत म्हणजे दाराशी, पडद्याच्या अलीकडे. फोटोवाला एकटा चालणार नाही, घरातला एक जबाबदार पुरुष त्याचा दंड धरून उभा पाहिजे. सिस्टर बाळाला पडद्यापाशी आणतील तेवढंच बघायचं. आणि फोटोत डॉक्टर, अवजारं, औषधं, यंत्रं आणि दवाखान्याचं नाव यातलं काहीही यायचं नाही. "उद्या कोणीतरी तो फोटो वकिलाला दाखवतो आणि विचारतो, हा चिमटा इथं का ठेवला होता," त्या म्हणाल्या. मला त्यांच्याबद्दल अपार आदर वाटला. मी सगळ्या अटी मान्य केल्या. भागवतनंही मान हलवली.

घरी आलो तर माझी थोरली बहीण नर्मदाबाई पाय पसरून वाट बघत बसली होती. तिला फोटोची बातमी दिनकररावांकडून लागली होती. तिचं म्हणणं असं की पाचवीला सटवाई येते आणि लेकराच्या कपाळावर त्याचं नशीब लिहून जाते. त्याआधी कुणी फोटो काढायचा नसतो.

"लिहायच्या आधी तोंडाचा फोटू निघाला तर तिला वाटंल, ह्याचं काम झालंया," नर्मदाबाई म्हणाली. "आन् ती न लिहिताच जाईल. मग काय कोऱ्या कपाळानं फिरंल का लेकरू?"

ईश्वरी हसली. मला मात्र हसू आलं नाही. ज्या फायलीला फोटो चिकटवलेला दिसतो ती फाइल निकाली निघाली असं समजून पुढे ढकलण्याची पद्धत आमच्याही कचेरीत होती. सटवाईला एवढ्या जिल्ह्याचा कारभार एकटीनं बघायचा, तिचीही चूक होऊ शकते. मी नर्मदाबाईला शब्द दिला की पाचवीच्या आधी बाळाचं तोंड फोटोत येणार नाही. तिनं भागवतलाही बोलावून त्याच्या दोन्ही लेकरांची शपथ घालून घेतली.

शेवटी ईश्वरीनं मला आत बोलावलं. "बाबा, मी त्याच्यात दिसायची न्हाई हं. त्या टायमाला माझा काय अवतार राहील, आणि जहाजावरचे सगळे बघत्याल." हीही अट वाजवी होती. मी मान्य केली.

एवढ्या अटी मान्य करताना मला जे समाधान वाटलं ते निवृत्तीनंतर प्रथमच वाटलं. सगळे खूश, कुणाला नाही म्हटलेलं नाही, परवानगी पक्की. या सगळ्यात फोटोसाठी नवीन शर्ट घेणारा मी एकटाच होतो. फिका निळा, बारीक रेघांचा. भागवतनं कॉलरला हात लावून पाहिला आणि म्हणाला, "काका, शर्ट फोटोत लय उठून दिसंल." मी त्या वाक्याकडे तेव्हा पुरेसं लक्ष दिलं नाही.

कळा सुरू झाल्या त्या बाजाराच्या दिवशी सकाळी. ऑटोरिक्षा भाजीच्या गाड्यांमधून काढत दवाखाना गाठला. भागवत शेजारच्या गावात हळदीला गेला होता. तो तिथून जसाच्या तसा आला, गालाला, कानाला, कॅमेऱ्याच्या पट्ट्याला हळद. रेणुका सिस्टर म्हणून तिथे आहेत, त्यांनी त्याला दारातच अडवला आणि म्हणाल्या, नवरदेव, आधी तोंड धुऊन या. कोपरापर्यंत हात धुवायला लावले. मग आम्हा दोघांना हिरवे झगे दिले. ते मागून बांधायचे असतात हे आम्हाला बांधून झाल्यावर कळलं. माझा नवा शर्ट झग्याखाली झाकला गेला होता. मी कॉलर तेवढी बाहेर काढून घेतली.

वाट बघण्यात बराच वेळ गेला. भागवतला स्वस्थ बसायची सवय नाही. कुणी डबा घेऊन जिन्यावर दिसलं की तो त्यांना भिंतीशी उभं करायचा, डबा दोन्ही हातांनी पुढे धरायला लावायचा आणि आहेर दिल्यासारखा फोटो काढायचा. दिनकरराव अशा रीतीनं तीनदा आले. तीनही वेळा डबा एकच होता.

आणि मग आतून रडण्याचा आवाज आला.

त्या आवाजाबद्दल लोक काय काय सांगतात. मला एवढंच आठवतं की माझ्या डोळ्यांसमोरची भिंत एकदम स्वच्छ दिसायला लागली. दार उघडलं. मी भागवतचा दंड धरला, आम्ही पडद्याशी गेलो, आणि पडद्याच्या पलीकडून सिस्टर आल्या, हातांत ते घेऊन.

मी पाहिलं. ओलं, जांभळं, मुठी वळलेलं, आणि इतकं संतापलेलं, की दिवसभर कचेरीत बसवून घेऊन संध्याकाळी 'साहेब उद्या येतील' असं सांगितलेल्या माणसाचा चेहरा मला आठवला. मी सवयीनं काहीतरी समजुतीचं बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात माझं लक्ष खाली गेलं, तिथे नाळ होती. ही वस्तू मी आजवर फक्त भाषणांत ऐकली होती, मातीशी असलेली वगैरे. प्रत्यक्षात ती निराळीच असते. मग मला छत दिसलं. छत दिसायचं काही कारण नव्हतं, मी उभा होतो. निदान मला तसं वाटत होतं.

त्यानंतर मला फक्त कॅमेऱ्याचा आवाज ऐकू येत होता. खटखट, खटखट, बी पेरायच्या टोकणी यंत्रासारखा.

जाग आली तेव्हा मी बाहेरच्या बाकावर होतो आणि नर्मदाबाईनं माझ्या नाकाला कांदा धरला होता. आमची मंडळी, उमादेवी, समोर उभी होती. म्हणाली, "पोरगी झाली. दोघी बऱ्या हायत. तुमी बी बरे हाव, असं डॉक्टरीणबाई म्हणल्या."

मी पहिला प्रश्न फोटोचा विचारला. भागवतनं मोठ्या अभिमानानं कॅमेरा पुढे केला. पहिल्या फोटोत मी तोंड उघडलंय. दुसऱ्यात माझे डोळे पांढरे. तिसऱ्यात मी तिरका, धुळ्याच्या गाडीत उभ्यानं झोपलेल्या माणसासारखा. त्यापुढच्यात माझे दोन्ही पाय जमिनीवर नाहीत, झगा पंख पसरल्यासारखा, आणि मधोमध निळी कॉलर. मग फरशीवरचे. फरशीवरचे तर त्यानं वेगवेगळ्या कोनांतून घेतले होते.

"बाळ कुठंय?" मी विचारलं.

भागवतनं तो हवेतला फोटो परत आणला आणि कोपरा मोठा केला. माझ्या उघड्या तोंडाच्या वर, अगदी कडेला, काहीतरी धूसर लालसर होतं. नीट पाहिल्यावर कळलं की तो एक पाय आहे. घोट्यापासून खालचा.

"अरे, एवढाच?"

"काका, मी काय करू?" भागवत खरोखर दुखावला. त्यानं बोटांवर हिशेब मांडला. "डॉक्टरीणबाई म्हणल्या मी न्हाई, माझं सामान न्हाई. सिस्टर म्हणल्या, मी दिसले तर घरी विचारत्यात, कामावर एवढं हसायला काय झालं, म्हणून मी न्हाई. ताई म्हणल्या मी न्हाई. काकू म्हणल्या, आज घरातलंच लुगडं हाय, मी न्हाई. आत्याबाईंनी तर लेकरांची शपथ घातली, बाळाचं तोंड न्हाई. समद्यांला हो म्हणलो. आत जाऊन बघतो तं ज्याची अट न्हाई असं एकच माणूस ऱ्हायलं होतं. तुमी. मग तुमच्यावर फोकस केला, तं तुमी पडायलाव."

उभ्या नोकरीत मी जे तंत्र लोकांवर वापरलं ते माझ्यावर कुणी वापरलंच नव्हतं. मीच ते माझ्या हातानं तीन प्रतींत तयार केलं होतं.

ईश्वरीला तो फोटो माझ्या फोनवर घेऊन दाखवावा लागला. तिनं बाळाला एका हातानं धरून, दुसऱ्या हातात फोन घेऊन बघितलं. हसली नाही, रागावली नाही. म्हणाली, असू द्या बाबा. आणि पांघरुणाच्या काठाची घडी घालायला लागली. रागावली असती तर बरं झालं असतं. मी आहे ना, म्हणालो होतो. फोटोत नेमका मीच होतो.

पाचवीला नर्मदाबाईनं कोरा कागद, लेखणी, हळदकुंकू मांडून सटवाईची पूजा केली आणि भागवतला बोलावून नारळ आणि टोपी दिली. तिच्या मते आजवर या तालुक्यात इतका समंजस फोटोग्राफर झाला नाही. सटवाईनं काय लिहिलं ते माहीत नाही, पण लिहिण्याच्या आड कुणी आलं नाही याची तिला खात्री होती.

पुढे जहाज कुठल्याशा बंदराला लागलं आणि शिवप्रकाशांना फोटो मिळाले. पाचवीनंतरचे बाळाच्या तोंडाचेही पाठवले होते, भरपूर. फोन आला तेव्हा मी तो उमादेवीकडे ढकलला. तिनं परत माझ्याकडे ढकलला. शेवटी मी तो घेतला.

"मामा, करंगळी बघितली का?"

"कसली करंगळी?"

"लेकराच्या पायाची. शेजारच्या बोटावर चढलेली हाय. माझी तशीच हाय. आमच्या अण्णाची बी तशीच होती." मग म्हणाले, "तो पाय मी खोलीत लावलाय. रोज बघतो. तिचे बाकीचे फोटो तर कुणाच्या बी लेकराचे वाटत्यात, ह्यो पाय आपला हाय."

मी ईश्वरीकडे पाहिलं. फोन मोठ्या आवाजावर होता. तिनं दुपट्यातून तो पाय बाहेर काढला आणि बघत बसली.

"आणि मामा," शिवप्रकाश म्हणाले, "इंजिनवरचा एक परदेशी दोस्त तुमचा फोटो बघून विचारायला होता, बाळंतीण ह्याच का."

इथे ही हकीकत संपायला हरकत नव्हती. पण थोड्या दिवसांनी दिनकरराव सांगत आले की तुमचा फोटो बसस्थानकासमोर लागलाय. जाऊन बघतो तर भागवतच्या दुकानाच्या काचेत, नवरानवरींच्या बरोबर मधे, मी हवेत. खाली लिहिलेलं, 'जन्माचे भावपूर्ण फोटो काढून मिळतील'. परभणीच्या गाडीची वाट बघणारे लोक तो बघत होते. एका बाईनं माझ्याकडे पाहिलं, काचेकडे पाहिलं, आणि पदर तोंडाला लावला.

मी तो काढायला लावण्यासाठीच आत गेलो. आत फरशीवर गादी टाकलेली होती. देवगाव फाट्याचे एक म्हातारे गृहस्थ, सूनबाईचे दिवस भरत आलेत म्हणून आधीच सराव करायला आले होते. भागवत त्यांना सांगत होता, बाबा, आजकाल सगळ्यांना असंच पाहिजे, पडा. ते बिचारे आधी गादी चाचपायचे, मग गुडघे टेकायचे, मग विठ्ठल म्हणून आडवे व्हायचे. हे पडणं नव्हे, हे झोपणं झालं. मला राहवलं नाही. मी म्हणालो, तोंड आधी उघडायचं. मग डोळे. गुडघ्याला कळू द्यायचं नाही. त्यांना जमलं.

भागवतनं मला खुर्ची दिली. म्हणाला, काका, बरं झालं आलाव, तुमचा फोटो आता मोठा करायलोय, दारावर अख्ख्या पाटीच्या रुंदीचा. फक्त त्या वरच्या कोपऱ्यात काहीतरी अंधुक आलंय, ते खटकतं. तेवढं कापून टाकतो.

मी कॉलर नीट केली. या सगळ्या प्रकरणात प्रत्येकानं आपापली अट घातली होती, माझीच तेवढी राहिली होती.

"फोटो राहू दे," मी म्हणालो. "मोठा कर, दारावर लाव, मी पडलेला सगळ्या बसस्थानकाला दिसू दे. पण पाय कापायचा न्हाई."